पत्र स्वीकारले म्हणजे पोहोचले काय?

लखनौ शहरात गोमती नदीच्या उत्तरेस निशातगंज नावाची एक दाट वस्ती आहे. तेथील पुष्कळशा गल्ल्या नावांनी नव्हे, तर क्रमांकांनी ओळखल्या जातात; पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असा त्यांचा हिशेब. जवळच पेपर मिल कॉलनी नावाची वसाहत आहे. १८७९ साली लखनौत स्थापन झालेल्या अपर इंडिया कूपर ह्या कागदाच्या गिरणीची आठवण त्या नावात शिल्लक राहिली आहे. राज्याच्या शिक्षणखात्याच्या कचेऱ्या असलेले विद्याभवनही ह्याच भागात आहे. एके काळी कागद करणारी आणि पुढे कागद हाताळणारी ही वस्ती. आज मात्र येथून निघणाऱ्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे कागदाला शिवतही नाहीत. ती संगणक लिहितो आणि संगणकच धाडतो.

समजा, ह्याच वस्तीत रक्ततपासणीची एक लहानशी प्रयोगशाळा आहे. उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील प्रत्येक अडचण नित्याच्या व्यवहारातील आहे. सकाळी एक वृद्ध गृहस्थ तेथे रक्त देऊन जातात. त्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे. त्यांची कन्या पुण्यास असते, आणि वडिलांचे अहवाल डॉक्टरांना दाखवून औषधांत फेरफार करून घेण्याचे काम तिच्याकडे आहे. संध्याकाळी सात वाजता अहवाल तयार होतो. रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल असावयास हवे, ते ६ च्या वर गेलेले आहे. हे प्रमाण फार वाढले म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. तंत्रज्ञ कळ दाबतो, पडद्यावर ‘पाठविले’ असा शब्द उमटतो, आणि तो घरी जातो. रात्री दहा वाजेपर्यंत पुण्यास काहीही पोहोचलेले नसते.

ह्यात खोटे कोण बोलले? कदाचित कोणीच नाही. ‘पाठविले’ ह्या शब्दाचा अर्थ तंत्रज्ञाने एक घेतला आणि संगणकाला अभिप्रेत होता दुसरा. ह्या दोन अर्थांमध्ये किती अंतर आहे आणि ते कसे बुजविता येते, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

खिडकीपलीकडील मार्ग

ज्या पत्राने एखाद्या व्यक्तीला तिच्याच एखाद्या कृतीचे फलित कळविले जाते, त्याला आपण व्यवहारपत्र म्हणू. तिकिटाची पावती, परवलीचा शब्द बदलण्याचा दुवा, एकदाच वापरावयाचा सांकेतिक अंक, तपासणीचा अहवाल, ही सारी व्यवहारपत्रे होत. जाहिरातीचे पत्र न पोहोचल्यास वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही. उलट सुटकाच होते. व्यवहारपत्राची मात्र कोणीतरी वाट पाहत असते.

प्रयोगशाळेची आज्ञावली हे पत्र स्वतः पुण्यापर्यंत नेत नाही. ते काम ईमेल धाडण्याचा धंदा करणाऱ्या एखाद्या सेवेकडे सोपविलेले असते. ही सेवा आज्ञावल्यांसाठी एक ठरावीक खिडकी उघडी ठेवते, तिलाच एपीआय म्हणतात. टपालकचेरीच्या खिडकीत जसा विशिष्ट नमुन्यातला अर्ज भरून द्यावा लागतो, तसे येथेही कोणाकडून, कोणाला, कोणत्या विषयाचे, काय मजकुराचे, हे नेमलेल्या रचनेत लिहून द्यावे लागते. खिडकीतून उत्तर येते: ‘घेतले, क्रमांक अमुक.’ तंत्रज्ञाच्या पडद्यावर उमटलेला ‘पाठविले’ हा शब्द म्हणजे एवढेच उत्तर होय. पत्र अद्याप खिडकीच्या आतच, रांगेत पडलेले असते.

पत्राने टप्प्याटप्प्याने जावे, प्रत्येक ठिकाणी साठवून ठेवले जावे आणि संधी मिळताच पुढे सरकावे, हा ईमेलचा मूळ स्वभाव आहे. आपल्या देशातील ईमेलचा आरंभच ह्या पद्धतीने झाला. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ ह्या शैक्षणिक जाळ्यात मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आय. आय. टी. सहभागी होत्या. कानपूरची संस्था त्यांतलीच, म्हणजे लखनौच्या अगदी शेजारची. जुहूचे केंद्र आणि पवईची आय. आय. टी. ह्यांच्यामध्ये १९८६-८७ च्या सुमारास ईमेलची देवघेव सुरू झाली, ती साध्या टेलिफोनच्या तारेवरून. फोन लागला म्हणजे साठलेली पत्रे पलीकडे जात. न लागला तर ती थांबून राहत. आज तारा बदलल्या, वेग कल्पनेपलीकडे वाढला. परंतु साठवणे आणि पुढे ढकलणे हा स्वभाव तोच आहे.

दोन सर्व्हरांमध्ये पत्राची देवघेव कोणत्या भाषेत व्हावी ह्याची संहिता जॉन पोस्टेल ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. तिला एसएमटीपी म्हणतात. तिच्यात २००८ साली सुधारणा झाली, पण गाभा कायम आहे. धाडणारा सर्व्हर आपले नाव सांगतो, पत्र कोणाचे व कोणाला ते सांगतो, मग मजकूर देतो. घेणारा सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन अंकी उत्तर देतो. मजकूर संपल्यावर त्याने ‘२५०’ म्हटले, की पत्राची जबाबदारी त्या क्षणी त्याच्याकडे गेली. त्यापुढे त्याने एकतर पत्र पेटीत टाकावे, नाहीतर ते टाकता आले नाही असे धाडणाऱ्याला कळवावे. ‘२५०’ उच्चारले जाईपर्यंत जबाबदारी धाडणाऱ्याचीच. जबाबदारी कोठे हस्तांतरित होते ह्याची इतकी स्पष्ट रेषा पुष्कळ मानवी कचेऱ्यांतही आढळत नाही.

जावक क्रमांक

आता पहिली अडचण पाहू. प्रयोगशाळेच्या आज्ञावलीने पत्र खिडकीत दिले, आणि उत्तर येण्यापूर्वीच इंटरनेटची जोडणी तुटली. पत्र घेतले गेले की नाही? पुन्हा द्यावे, तर एकच अहवाल दोनदा जाण्याचा संभव. न द्यावे, तर मुळीच न जाण्याचा.

हा पेच कोणत्याही चातुर्याने मुळापासून सुटणारा नाही. दोन टेकड्यांवर दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे, आणि निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. दोघांनी एकाच वेळी हल्ला करावयाचे ठरविले, तरी शेवटचा निरोप पोहोचल्याची खात्री निरोप धाडणाऱ्याला कधीच होत नाही. हा प्रश्न १९७५ साली प्रथम मांडला गेला, आणि १९७८ साली जिम ग्रे ह्यांनी त्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ हे नाव दिले. खात्रीलायक निरोपांची संख्या कितीही वाढविली तरी शेवटच्या निरोपाची शंका उरतेच, असे त्याचे उत्तर आहे.

शंका नाहीशी होत नसेल, तर ती निरुपद्रवी करावी. जुन्या कचेऱ्यांत प्रत्येक बाहेर जाणाऱ्या पत्रावर जावक क्रमांक घालीत असत. तोच क्रमांक असलेली दुसरी प्रत आली तर घेणारा कारकून ती पहिल्या प्रतीला टाचून ठेवी. नवे प्रकरण उघडीत नसे. आधुनिक ईमेल सेवांपैकी कित्येकांच्या खिडकीत हीच सोय आहे. प्रत्येक मागणीबरोबर एक खूण द्यावयाची. तीच खूण पुन्हा आली तर सेवा नवे पत्र धाडीत नाही, पहिलेच उत्तर परत देते. मग उत्तर हरवल्यास आज्ञावलीने निःशंकपणे पुन्हा विचारावे. ही खूण सेवा कायमची लक्षात ठेवीत नाही, हे मात्र विसरू नये; काही ठिकाणी ती मुदत २४ तासांची असते.

येथे एक चूक वारंवार घडते. आज्ञावली लिहिणारा प्रत्येक प्रयत्नासाठी नवी खूण निर्माण करतो, आणि सारी योजना व्यर्थ जाते. खूण प्रयत्नाची नसावी, पत्राची असावी. ‘अहवाल क्रमांक अमुक, आवृत्ती पहिली, कन्येच्या पत्त्यावर’ एवढ्यावरून ती बनवावी. दुरुस्त अहवाल निघाला तर आवृत्ती दुसरी होईल, आणि ते खरोखरच वेगळे पत्र असल्यामुळे वेगळे जाईल.

ह्याहून कमी लक्षात येणारा दोष निराळाच आहे. आज्ञावली प्रथम अहवाल ‘पूर्ण’ म्हणून आपल्या दप्तरात नोंदते आणि मग पत्र खिडकीत देऊ जाते. नेमकी ह्या दोन कृतींच्या मध्ये वीज गेली तर? दप्तरात अहवाल पूर्ण दिसतो, पत्र मात्र जन्मालाच आलेले नसते, आणि ते राहिले आहे हे सांगणारी कोणतीही नोंद जगात कोठेही नसते. ह्यावर उपाय एकच. अहवाल पूर्ण झाल्याची नोंद आणि ‘हे पत्र धाडावयाचे आहे’ ही जावक वहीतील नोंद अशा दोन्ही नोंदी एकाच अविभाज्य व्यवहारात कराव्यात. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. धाडण्याचे काम मग एक वेगळी आज्ञावली वही पाहून करील. ती मध्येच बंद पडली तरी पुन्हा सुरू होताच वहीतील शिल्लक तिला दिसते. माझ्या मते ईमेलच्या विश्वासार्हतेचा निम्मा भाग ह्या वहीत आहे, आणि नेमका तोच भाग कोणतीही सेवा विकत देऊ शकत नाही. तो ज्याचा त्याने करावयाचा असतो.

चारशे आणि पाचशे

प्रयत्न फसला तर पुन्हा करावा हे खरे. पण केव्हा, आणि किती वेळा? खिडकीत गर्दी असताना तोच माणूस दर सेकंदाला ठोठावू लागला तर गर्दीत भरच पडते. म्हणून दोन प्रयत्नांमधील अंतर दुप्पट दुप्पट करीत जातात: एक सेकंद, दोन, चार, आठ. त्यातही थोडी अनियमितता मुद्दाम मिसळतात, कारण हजार आज्ञावल्या एकाच क्षणी अडल्या आणि सर्वांनी बरोबर आठव्या सेकंदाला पुन्हा ठोठावले, तर अडचण जशीच्या तशी परत येते.

मात्र प्रत्येक नकार सारखा नसतो, आणि येथे नवशिक्याला हमखास चकविणारी एक गोष्ट आहे. खिडकीशी बोलणे एचटीटीपी ह्या वेबच्या भाषेत होते, तर पुढे सर्व्हर सर्व्हरांमध्ये एसएमटीपी चालते. दोन्हींत तीन अंकी उत्तरे आहेत. परंतु वेबच्या भाषेत चारशेच्या घरातील उत्तर म्हणजे ‘चूक तुझी आहे’. तीच मागणी पुन्हा केल्याने काही निष्पन्न होणार नाही. अपवाद मुख्यतः ४२९ चा, त्याचा अर्थ ‘फार घाई करतोस, थांबून ये’. पाचशेच्या घरातील उत्तर म्हणजे दोष सेवेकडे आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यासारखा आहे. एसएमटीपीत ह्याच्या उलट! तेथे चारशेचे घर तात्पुरत्या अडचणीचे आणि पाचशेचे घर कायमच्या नकाराचे. ४५१ मिळाले तर थांबून पुन्हा यावे. ५५० मिळाले, म्हणजे बहुधा असा पत्ताच नाही, तर पुन्हा जाऊ नये. एका भाषेचा नियम दुसरीला लावणारी आज्ञावली मेलेल्या पत्त्यावर दिवसभर ठोठावीत बसते, आणि जिवंत पत्ता पहिल्याच अडथळ्याला सोडून देते.

तात्पुरता नकार कित्येकदा हेतुपुरस्सर दिलेला असतो. अनोळखी सर्व्हरकडून पत्र आले की काही सर्व्हर पहिल्या वेळी ‘नंतर या’ असेच सांगतात. निरुपयोगी पत्रांचा मारा करणारे सहसा परत येत नाहीत, सचोटीने वागणारा सर्व्हर येतो, हा त्यामागील तर्क. एसएमटीपीच्या संहितेत पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी साधारणपणे निदान ३० मिनिटे थांबावे आणि चार ते पाच दिवस तरी आशा सोडू नये, असे सांगितले आहे. टपालाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. पण दहा मिनिटे टिकणारा सांकेतिक अंक अर्ध्या तासाने पोहोचला, तर तो न पोहोचण्यापेक्षा वाईट. माणूस तोपर्यंत दुसरा अंक मागून बसलेला असतो आणि पहिलाच टाइप करीत राहतो. म्हणून जावक वहीत प्रत्येक पत्रापुढे त्याची मुदतही लिहावी, आणि मुदत टळलेले पत्र रांगेतून काढून टाकावे. अहवालाची मुदत मोठी, अंकाची लहान.

धाडणाऱ्याची पत

कागदी पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ईमेलचेही मूळ स्वरूप तसेच होते. एसएमटीपीच्या मूळ संहितेत ‘मी अमुक’ ह्या विधानाची शहानिशा नव्हती. ती उणीव पुढे तीन योजनांनी भरून काढावी लागली. एसपीएफ ही योजना सांगते की ह्या नावाने पत्रे धाडण्याची मुभा कोणकोणत्या सर्व्हरांना आहे. डीकेआयएम ही लाखेच्या मोहरेसारखी आहे: पत्राच्या मजकुरावरून एक गणिती शिक्का तयार होतो, आणि तो पारखण्याची किल्ली धाडणाऱ्याच्या नावाखाली सार्वजनिक नोंदीत ठेवलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर शिक्का जुळत नाही. डीमार्क ही तिसरी योजना. पत्रावर दिसणारे नाव पहिल्या दोहोंपैकी एकाही पारखलेल्या नावाशी जुळत नसेल तर पत्राचे काय करावे, हे तिच्याद्वारे धाडणाराच जाहीर करतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू ह्यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना ह्या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. गुगलच्या हिशेबी दिवसाला ५,००० च्या आसपास वा अधिक पत्रे धाडणारा तो मोठा. निरुपयोगी म्हणून तक्रार झालेल्या पत्रांचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नये, असेही बंधन आले. लहान प्रयोगशाळा ह्या संख्येत बसत नाही. तथापि नाव पारखता येत नसलेल्या पत्राकडे कोणताही सर्व्हर संशयानेच पाहतो.

एक पथ्य फार उपयोगी पडते. दिवाळीची सवलत कळविणारी पत्रे आणि अहवाल एकाच नावाने धाडू नयेत. दोहोंसाठी स्वतंत्र उपनावे घ्यावीत. सवलतीच्या पत्राला कंटाळून शंभर जणांनी तक्रारीची कळ दाबली, तर त्या बदनामीची झळ अहवालांना लागू नये.

परतीचे वृत्त

मग आपल्या कथेतील अहवाल कोठे अडला? अनेक शक्यतांपैकी एक पाहू. सहा महिन्यांपूर्वी त्या कन्येने आपली पेटी आवरताना प्रयोगशाळेच्या एका पत्रावर चुकून ‘निरुपयोगी’ अशी खूण केली. ती तक्रार ईमेल सेवेपर्यंत गेली, आणि सेवेने तिचा पत्ता वर्ज्य यादीत घातला. असे करणे योग्यच आहे. ज्याला पत्र नको त्याला ते धाडीत राहिल्याने सर्वांचीच पत जाते. पण त्यानंतर प्रयोगशाळेने दिलेले प्रत्येक पत्र खिडकीत घेतले गेले, क्रमांक दिला गेला, आणि आत गेल्यावर ते बाजूला ठेवले गेले. खिडकीने नकार दिला नाही, कारण खिडकीचे काम फक्त घेण्याचे.

हे कळण्याचा मार्ग असतो. सेवा प्रत्येक पत्राचे पुढील वृत्त प्रयोगशाळेच्या सर्व्हरला स्वतः होऊन कळवू शकते: पलीकडच्या सर्व्हरने घेतले, परत आले, लांबले, तक्रार झाली, वर्ज्य म्हणून अडविले. ह्या उलट निरोपाला वेबहुक म्हणतात. तो घेण्यासाठी प्रयोगशाळेने आपल्याकडे एक खिडकी उघडावयाची असते. तेथे काही दक्षता हवी. निरोपावरील स्वाक्षरी पारखावी, नाहीतर कोणीही ‘पोहोचले’ असे खोटेच कळवील. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, आणि ‘पोहोचले’ हा ‘निघाले’च्या आधीही येऊ शकतो; तेव्हा आगमनाच्या क्रमावर नव्हे तर निरोपातील वेळेवर भिस्त ठेवावी. निरोप मिळताच लगेच पावती द्यावी आणि त्यावरील काम मागाहून करावे, कारण पावतीस उशीर झाला तर सेवा निरोप हरवला असे समजून पुन्हा धाडते.

‘उघडून वाचले’ असेही एक वृत्त काही सेवा देतात. त्यावर विसंबू नये. पत्रात दडविलेले एक सूक्ष्म चित्र कोणी मागविले की ते वाचले गेले, एवढाच त्याचा आधार. आणि २०२१ पासून ॲपलची पत्रपेटी, वापरणाऱ्याने तशी मुभा दिल्यास, अशी चित्रे माणसाने पत्र न पाहताही आधीच मागवून ठेवते. ‘पोहोचले’ ह्या वृत्तालाही मर्यादा आहे. त्याचा अर्थ पलीकडच्या सर्व्हरने ‘२५०’ म्हटले, इतकाच. त्यानंतर पत्र समोरच्या पेटीत गेले की अडगळीच्या, हे धाडणाऱ्याला कोणी सांगत नाही.

तेव्हा जावक वहीत प्रत्येक पत्रापुढे चार रकाने असावेत: नोंदले, खिडकीत दिले, पलीकडे घेतले गेले, आणि ह्यांपैकी काहीच ठरलेल्या वेळात न झाल्यास कोणाला सांगावयाचे. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. ठरावीक अंतराने एक आज्ञावली वही चाळील आणि ज्या अहवालांचे ‘पलीकडे घेतले’ हे वृत्त अर्ध्या तासात आले नाही, त्यांची यादी तंत्रज्ञाच्या पडद्यावर लाल अक्षरांत मांडील. त्याच यादीत पत्ता वर्ज्य असल्याचे कारणही लिहिलेले असेल. पत्ताच चुकीचा टाइप झाला असेल तर तोही येथे सापडेल, बशर्ते तो दुसऱ्याच कोणाचा खरा पत्ता नसावा. त्यासाठी नवा पत्ता घेतल्याबरोबर तेथे एक पत्र धाडून मालकाकडून होकार मिळवावा आणि मगच तेथे अहवाल पाठवावेत. रोग्याची माहिती परक्या पेटीत पडणे हे पत्र हरवण्याहून गंभीर आहे.

आणि पोटॅशियम ६ च्या वर गेलेला अहवाल? तो वहीत नोंदावा, खिडकीत द्यावा, वृत्ताची वाट पाहावी. पण त्याआधी तंत्रज्ञाने टेलिफोन उचलावा. धोक्याच्या मर्यादेबाहेरचे आकडे रोग्याच्या डॉक्टरला तोंडी कळवावेत आणि पलीकडून ते वाचून घ्यावेत, ही पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे. वहीतील त्या पत्रापुढे मग कळविल्याची वेळ आणि ऐकणाऱ्याचे नाव लिहिले जाते. पुण्याचे पत्र रात्री केव्हातरी पोहोचेल, किंवा सकाळी लाल यादीत दिसेल.